डब्यावर राहिलेली चिठ्ठी

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात निवडणुकीइतकं प्रेम दुसऱ्या कशावरही केलं नाही, आणि जन्मात एकही निवडणूक त्यांनी जिंकली नाही. त्यांच्या प्रेमात त्यानं तसूभरही फरक पडला नव्हता. शेवटी जो पडला, तो माझ्यामुळे. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अजूनही कुणीतरी उठून "चिठ्ठी डब्यावर ठेवू नका हं!" म्हणतो, सगळे हसतात आणि मीही हसतो. आता वय झालं, हसताना धाप लागते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो आहे.

ते वऱ्हाडातले, बुलढाण्याकडचे. त्यांच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून मी त्यांचा इवाई. माझी मुलगी आणि जावई बहरीनमधल्या हमद टाउनला राहतात. मीही बहरीनमध्येच हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही माहूजच्या जुन्या फ्लॅटमध्येच राहिलो. व्याही दरवर्षी थंडी सुरू झाली की मुलाकडे व्हिजिट व्हिसावर यायचे. उंच, वाळक्या अंगाचे, धोतरावर हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि डोक्यावर पांढरी टोपी. ऐंशीच्या घरात होते, पण आवाज असा की शेजारच्या व्हिलातला अरबी म्हातारा आपल्यालाच हाक मारली समजून फाटकापर्यंत यायचा. पहिल्यांदा आले तेव्हा सामानात टॉवेलात गुंडाळलेला पत्र्याचा कर्णा होता. लाउडस्पीकर खेड्यापाड्यांत पोचायच्या आधी ज्यात तोंड घालून सभा गाजवायचे, तो कर्णा. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि "हे काय?" असं खुणेनं विचारलं. व्याह्यांनी मोठ्या ऐटीत इंग्रजीत सांगितलं, "फॉर स्पीच!" त्या गृहस्थानं कर्णा तोंडाला लावला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं "यल्ला, यल्ला!" म्हणजे "चला, चला!" ओरडून तो परत दिला. जावई शरमेनं अर्धा झाला होता. व्याही मात्र बाहेर येईपर्यंत म्हणत होते, "माणूस आपला हाये. मत फिरवता येईल त्याचं."

ते आले की मुलीच्या घरात लोकशाही यायची. रात्री भाजी कोणती करायची हे ठरवायला ओट्यावर झाकणाला चीर पाडलेले बिस्किटांचे रिकामे डबे मांडले जायचे. एकावर दुधीचं चित्र, दुसऱ्यावर भेंडीचं, तिसऱ्यावर वांग्याचं. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. हव्या त्या भाजीच्या डब्यात टाकायची, लिहायचं काही नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक अशीच झाली होती म्हणे. वाचता न येणाऱ्यांची सोय म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. व्याह्यांचा उमेदवार कायम दुधी. घरात दुधी आवडणारे ते एकटेच, त्यामुळे दुधी दरवेळी एका मतानं उभा राहायचा आणि पडायचा. पण प्रचारात कसूर नाही. माझी नात तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला मांडीवर घेऊन ते दुधीच्या अंगी असलेल्या थंडाव्यावर भाषण करायचे आणि ती त्यांच्या तोंडावर हात ठेवून म्हणायची, "आजोबा, धिस इज जस्ट डिनर!" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बेटा, समोरच्या पार्टीचे लोकबी असंच म्हणत होते." निकाल लागला की भेंडीचं जाहीर अभिनंदन करायचे आणि दोन पोळ्या जास्त खायचे.

हमद टाउन त्यांना मतदारसंघासाठीच वसवल्यासारखं वाटायचं. तिथले राउंडअबाउट नंबरानं ओळखतात. व्याही त्यांना गावं म्हणायचे. संध्याकाळी काठी घेऊन निघायचे आणि परत आले की अहवाल द्यायचे. "तीन नंबरात मलबारी किराणावाला बसते. त्याले चार लोक मानते. सात नंबरात आपला एकबी माणूस नाई, तथी पाय रोवला पाहिजे." कशासाठी पाय रोवायचा, हे विचारायची सोय नव्हती. बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बांगलादेशी कामगारांची नावं, गावं, मुलंबाळं त्यांना पाठ होती. मी या बेटावर तीस वर्षं काढली होती आणि माझ्या मजल्यावर कोण राहतं हे मला माहीत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "अहो, इथे आपल्याला मत नाही, त्यांना मत नाही. ही ओळख काय कामाची?" ते माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघत राहिले. "इवाई, मत नसलं म्हणून माणूस इचारपूस करणं सोडते का?"

माझी पत्नी गेली त्या वर्षीची गोष्ट. मुलगी मला हमद टाउनला चला म्हणत होती आणि मी माहूज सोडायला तयार नव्हतो. थंडीत व्याही आले, तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून माझ्या दारात हजर. घरभर फिरले, स्वयंपाकघरात डोकावले, एकाच कपाची आणि एकाच ताटाची भांडी पाहिली आणि खुर्चीत बसत म्हणाले, "तुम्ही उभे राहा."

"उभाच आहे," मी म्हटलं.

"तसं नाई. मंडळाच्या अध्यक्षाले उभे राहा. घरात बसून भिंतीसंग बोलून राह्यले तुम्ही. चार लोकाईत या."

आपल्या मंडळाला अध्यक्ष मिळणं म्हणजे दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात घंटा बांधणं असायचं. त्या वर्षी मात्र एक उमेदवार आधीच होती. वसईची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. गणपतीत आरतीच्या तबकापासून नाताळच्या केकपर्यंत सगळं तिच्या हातचं. माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात ड्यूटी संपल्यावर घरी न जाता तिच्या उशाशी बसायची, केस विंचरून द्यायची. मी व्याह्यांना सांगितलं, "सिस्टर माझ्यापेक्षा शंभरपट चांगली अध्यक्ष होईल."

"होईल ना! पण लढत झाल्याबिगर तिलेबी काय मजा?" ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी माझा अर्ज भरून आले. सिस्टरला कळलं तेव्हा तिनं फोन केला. "काका, उभे राहिलात ते बरं केलंत. काकी असती तर तिनंच ढकललं असतं तुम्हाला. पण एक सांगते हा, तुम्ही निवडून आलात तरी केक मीच आणणार!"

मग जो प्रचार सुरू झाला, तसा या बेटावर झाला नसेल. व्याह्यांनी कमिटीच्या गळी आपली पेट्यांची पद्धत उतरवली. पोरांना आपली जुनी निवडणूक बघायला मिळेल म्हणून कमिटीही तयार झाली. मला चिन्ह मिळालं दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची चोचवाली किटली. सिस्टरला खजुराचं झाड. पहिल्या संध्याकाळी व्याही कर्णा घेऊन आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभे राहिले आणि "दल्ल्यालाच मत द्या!" अशी पहिली आरोळी घुमली, तोच पठाण वॉचमन धावत आला. "बाबा, मफी! मफी! नहीं चलेगा! पुलिस आएगा!" जावयानं हात जोडून सांगितलं की इथं रस्त्यावर असं ओरडता येत नाही. व्याह्यांनी विचार केला आणि तोडगा काढला. आम्ही गाडीत बसायचो, मी चालवायचो, काचा बंद, एसी चालू, आणि शेजारच्या सीटवर बसून ते कर्ण्यातून प्रचार करायचे. माहूजपासून जनाबियाच्या कंपाउंडांपर्यंत आणि तिथून हमद टाउनचे सगळे राउंडअबाउट. बाहेर एक अक्षर जायचं नाही. ऐकणारा मी एकटा, आणि उमेदवारही मीच. "या मतदाराले अजून खात्री पटून नाई राह्यली," ते माझ्याकडे बघून म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. पत्नी गेल्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो तो या गाडीत.

असेच एका संध्याकाळी सात नंबरच्या राउंडअबाउटला चकरा मारत असताना त्यांनी कर्णा मांडीवर ठेवला आणि गुरुजींची गोष्ट सांगितली. तोवर ते गुरुजींचं नाव जेवताखाता घ्यायचे, पण निकालापाशी येऊन नेहमी विषय बदलायचे. गुरुजी त्यांच्या गावचे शाळामास्तर. पहिल्या निवडणुकीत नोकरी सोडून अपक्ष उभे राहिले, चिन्ह शिडी. व्याही अठरा वर्षांचे. तेव्हा मताचं वय एकवीस, म्हणून स्वतःला मत नव्हतं, पण गावोगाव बैलगाडीतून हा कर्णा घेऊन तेच फिरले. गुरुजींनी त्या भागातल्या निम्म्या घरांत अक्षर पोचवलं होतं, लोकांचा जीव होता त्यांच्यावर.

"अन् म्या काय सांगतलं लोकायले? जोशात होतो. म्हटलं, शिडीच्या पेटीत देव बसला हाये असं समजा. आंघोळ करून या, हात जोडा." ते समोरच्या काचेतून बघत होते. "लोक आले ना. बाया नवी लुगडी नेसून आल्या. पडद्यामागं गेल्या, शिडीच्या पेटीले हळदकुंकू लावलं, फुलं वाह्यली, अन् मताचा कागद देवापुढं ठेवतात तसा पेटीवर ठेवून नमस्कार करून बाहेर आल्या. आत कोणी टाकलाच नाई. संध्याकाळी साहेबानं पेटीवरचे सारे कागद फुलासंग झाडून बाजूले केले. बाहेरचं मत मोजत नसतात. थोडक्यात पडले गुरुजी."

"गुरुजी काय म्हणाले?"

"काईच नाई. माह्या पाठीवर हात ठेवला. तोच अजून जड लागते." मग घसा साफ करून म्हणाले, "तुमची पेटी भरून पाह्यची हाये मले, इवाई. एकदा. आतमधून."

म्हणजे दुधी, कर्णा, डबे या सगळ्याच्या तळाशी काय होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मला कळलं होतं, हे मुद्दाम लिहितो आहे. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

मतदान एका शुक्रवारी, आपण गणपतीला घेतो त्याच हॉलमध्ये झालं. खजुराचे दोन मोठे पत्र्याचे डबे, झाकणाला चीर पाडलेली, मधे चादरीचा पडदा. व्याही व्हिजिट व्हिसावर, त्यांना मत नव्हतं. पण पडद्याबाहेर त्यांनी ठाण मांडलं. भिंतीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरातला फलक होता: "पेटी ही पेटी आहे, देव नाही. फुले वाहू नयेत. चिठ्ठी आत टाकावी." येणाऱ्या प्रत्येकाला ते वर तोंडीही सांगत होते. बँकेतल्या साहेबांना सांगितलं, कडेवरच्या मुलांना सांगितलं. "आत टाका बरं! वर ठेवू नका! आत!" लोक हसत होते. एक बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, आम्ही पोस्टात पत्रं टाकतो की!" ते म्हणाले, "पत्राले जवाब येते बाई. वर ठेवलेल्या मताले येत नाई."

माझी पाळी आली. मी पडद्यामागे गेलो. दोन डबे समोर. एकावर दल्ला, एकावर खजूर. चिठ्ठी दल्ल्याच्या चिरेपाशी नेली आणि हात थांबला. स्वतःचं मत स्वतःलाच द्यायचं, म्हणजे पंगतीत वाढपी येण्याआधी आपणच आपल्या पानात जिलबी वाढून घेण्यासारखं वाटलं. आमच्या घरात असलं कधी कुणी केलं नव्हतं. खजुराकडे पाहिलं आणि सिस्टर दिसली, फणी हातात घेतलेली. तिकडे टाकावी, तर पडद्याच्या पलीकडे ते उभे. चादरीखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. चष्म्यावर वाफ आली होती. तो पुसायला म्हणून मी चिठ्ठी दल्ल्याच्या डब्यावर ठेवली. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "इवाई, झालं का? लाइन लागली!" आणि मी चष्मा चढवून बाहेर आलो. चिठ्ठी विसरलो, असं म्हणायची सोय आहे. मी विसरलो नव्हतो.

मोजणी झाली. दोघांना सारखी मतं. मग मोजणी करणाऱ्या गृहस्थांनी एक चिठ्ठी दोन बोटांत धरून वर केली. "ही दल्ल्याच्या डब्यावर होती. नियमाप्रमाणे धरता येत नाही." क्षणभर कुणाला काही कळेना, मग कुणीतरी भिंतीवरचा फलक दाखवला आणि सगळा हॉल हसायला लागला. "आजोबांनी इतक्यांदा वर नको, वर नको म्हटलं की कुणाच्या तरी डोक्यात तेच बसलं!" एका टोपीत दोघांची नावं घालून चिठ्ठी उचलली. टोपी व्याह्यांचीच घेतली होती. सिस्टरचं नाव निघालं. ती माझ्या पाया पडली आणि खरंच, तिनं मंडळ सोन्यासारखं चालवलं. माझं काहीच गेलं नाही. गेलं ते दुसऱ्याचं. ते भिंतीपाशी उभे होते, उघड्या डोक्यानं. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच बघत होतो. मला म्हणाले, "माह्या बोलण्यातच काई तरी हाये, इवाई. देव हाये म्हटलं तरी लोक वर ठेवते, देव नाई म्हटलं तरी वर ठेवते." तेव्हा दोन शब्द बोलायचे होते. सिस्टरच्या भोवती फोटो चालले होते, माझी मुलगी बघत होती, आणि महिनाभर माझ्यासाठी घसा बसवून घेतलेल्या माणसाला मी स्वतःलाही मत दिलं नाही, हे कसं सांगायचं ते मला सुचेना. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, गंमत होती." त्याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

त्यानंतर घरातले डबे बंद झाले. मुलगी म्हणायची, "बाबा, मामंजी काहीही वाढलं तरी खातात हो." महिनाअखेर ते परत गेले. गुडघ्यांचं निमित्त झालं आणि पुन्हा आले नाहीत. कर्णा माझ्याकडे ठेवून गेले होते, "तथी आता कोणाले ऐकवू?" म्हणून. दर दिवाळीला फोन व्हायचा. पाऊसपाणी, कापूस, इथली गरमी. मी दरवेळी ठरवायचो आणि दरवेळी "बरं आहे, तब्येत सांभाळा" म्हणून ठेवायचो. अशी दहा-अकरा वर्षं गेली. तोवर इथे तो विनोद पक्का झाला होता.

मागच्या थंडीत मुलीनं सांगितलं की त्यांनी अंथरूण धरलं आहे. मी व्हिडिओ कॉल लावला. गावाकडच्या त्यांच्या पुतण्यानं फोन त्यांच्या समोर धरला होता. चेहरा एवढासा झालेला, टोपी मात्र डोक्यावर. मी बोलायला लागलो, तर ते कानाशी हात नेऊन म्हणाले, "आवाज नाई येत, इवाई! कर्णा लावा, कर्णा!" ते थट्टेनं म्हणाले असतील. मी उठलो, कपाटावरून कर्णा काढला, धूळ पुसली, फोन खुर्चीवर टेकवला आणि तीन पावलं मागे जाऊन सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडलो, "ती चिठ्ठी मी ठेवली होती! डब्यावर! माझी होती!"

 मग त्यांनी विचारलं, "तुम्ही? दप्तरातले, शिकले-सवरले?"

"हो!"

"काऊन?"

"स्वतःला मत द्यायची लाज वाटली!"

"म्या सांगतलं म्हणून नाई?"

"नाही! तुम्ही तर आत टाका म्हणत होता! तुमचा काही संबंध नव्हता!"

दाराची बेल वाजली. वॉचमन होता. "साहब, सब ठीक?" मी त्याला हातानं थांबवलं. स्क्रीनवर ते वर कुठेतरी, आढ्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मंग गुरुजीच्या वक्ती त्या बायाईनं... त्यायचंबी त्यायलेच वाटलं असन. माह्या सांगण्यानं नसन." हा प्रश्न नव्हता, तरी मी कर्ण्यातून "नव्हतंच!" म्हणून ओरडलो. ते हसायला लागले. दात नव्हते, सगळा चेहरा हसत होता. मग एकदम बोट उगारलं. "पण मत वाया घालोलं तुम्ही, इवाई. हे काई चांगलं काम नाई केलं."

पंधरवड्यानं ते गेले. पुतण्या सांगत होता, शेवटचे दिवस त्यांनी पुतणसुनांना भाजीसाठी डबे मांडायला लावले होते. जी गोष्ट सांगायला पाच मिनिटं आणि थोडा पत्रा लागतो, ती मी दहा-अकरा वर्षं अडवून धरली, आणि त्यांना जे पंधरा दिवस मिळाले, ते तेवढी सगळी वर्षं मिळू शकले असते. मंडळातल्या कुणाला यापुढे तो विनोद करायचाच असेल, तर माझं नाव घेऊन करावा.

बातमी आली त्या संध्याकाळी मी हमद टाउनला गेलो.  नात आता मुंबईत कॉलेजात जाण्याइतकी मोठी झाली आहे. ती उठली, वरच्या फडताळातून ते बिस्किटांचे डबे शोधून काढले आणि ओट्यावर मांडले. दुधी, भेंडी, वांगं. चित्रं पुसट झाली होती. प्रत्येकाच्या हातात तिनं एकेक कोरी चिठ्ठी दिली. आम्ही एकेक करून स्वयंपाकघरात जाऊन आलो. तिनं झाकणं उघडली. भेंडीत काही नाही, वांग्यात काही नाही. दुधी त्या घरात पहिल्यांदा निवडून आला, तोही सगळ्यांच्या मतांनी.

मला दुधी आवडत नाही. पण मी चिठ्ठी चिरेतून सरकवली होती, बोटानं खाली ढकलली होती, आणि ती तळाशी पडल्याचा आवाज आल्यावरच बाहेर आलो होतो.